गुलाबाचा वाफा उन्हाळ्यात करा, गुलाब दिवाळीनंतर लावा

मुंबईत गुलाब होत नाही असं मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता कोणी तसं म्हणालं की मी आधी विचारते, रोप लावलं होतंत कुठे? आणि उत्तर बहुतेक एकच असतं. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं, तिथले गुलाब बघून जीव खुळावतो, घरी येताना नर्सरीतून दोन कळ्या असलेलं रोप उचललं जातं, बिल्डिंगच्या मागे हातभर खड्डा करून त्यात ठेवलं जातं, माती दाबली, पाणी घातलं, झालं. मार्चपर्यंत दोन-चार फुलं येतात. मे मध्ये पानांच्या कडा करपतात. आणि जुलैत रोप शेंड्याकडून काळं पडत पडत खाली येतं आणि ऑगस्टमध्ये नुसती काठी उरते. मग म्हणायचं मुंबईची हवाच वाईट. दमट हवेत पानांवर काळे ठिपके येतात हे खरंय, पण ठिपक्यांनी सहसा पानं गळतात, चांगल्या मुळांचं रोप परत फुटतं. जे रोप मरतं ते बहुतेक वेळा खालून मरतं, मुळं सडून, कारण त्या हातभर खड्ड्यात चार महिने पाणी उभं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की गुलाब विकत घ्यायच्या आधी निदान सहा महिने वाफा तयार करा आणि त्या वाफ्याला एक अख्खा पावसाळा गुलाबाशिवाय काढू द्या. एप्रिल-मे मध्ये खणायचं, जूनमध्ये ताग (मातीत गाडून हिरवळीचं खत करतात ते पीक) पेरायचा, गणपतीच्या आधी तो गाडायचा, आणि दिवाळी झाली की रोप. हे ऐकून लोक हिरमुसतात, कारण सगळ्यांना आत्ता फूल हवं असतं, पण खरंच सांगते, सगळी मेहनत या सहा महिन्यांतच करायची आहे, नंतर गुलाब फार काही मागत नाही.

आधी पाऊस समजून घेऊ, कारण बहुतेक सल्ले आपल्याला मिळतात ते पुण्याच्या मावशीकडून किंवा नाशिकच्या आत्याकडून, आणि ते त्यांच्या जागी अगदी बरोबर असतात. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत २००० च्या वर, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, म्हणजे पुण्याच्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त. त्यामुळे पुण्यात गुलाबाला सपाट वाफा आणि बुंध्याभोवती खोलगट आळं करतात ते पाणी धरून ठेवायला, आणि आपल्याला वाफा करायचाय तो पाणी घालवायला. सगळा फरक इथे आहे. गुलाबाच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या आणि दोन-तीन दिवस तशाच राहिल्या की बारीक मुळं गुदमरतात आणि मग बुरशी येते. वरून रोप मलूल दिसतं म्हणून आपण अजून पाणी घालतो.

आता जागा. मी मुलुंड पूर्वेला राहते, आमच्या सोसायटीत बिल्डिंग आणि कंपाउंड वॉलच्या मध्ये एक पट्टा आहे, तसा पट्टा मुंबईत बऱ्याच जुन्या सोसायट्यांमध्ये असतो. गुलाबाला रोज किमान सहा तास थेट ऊन हवं हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते ऊन कुठल्या महिन्यात मोजायचं हे कोणी सांगत नाही. लोक मे महिन्यात बघतात, भर दुपारी जागा लख्ख उन्हात असते, खूश होतात. पण मे मध्ये मुंबईत सूर्य थेट डोक्यावर असतो, साधारण १५ मेच्या आसपास तर शून्य सावलीचा दिवसच असतो, तेव्हा कुठल्याच बिल्डिंगची दुपारची सावली पडत नाही. आपल्या गुलाबाचा खरा सीझन आहे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि डिसेंबरच्या शेवटी सूर्य दक्षिणेला कलून दुपारी जेमतेम ४७-४८ अंशांवर येतो. हिशोब केला तर दक्षिणेला ७० फुटी बिल्डिंग असेल तर २२ डिसेंबरच्या दुपारी तिची सावली ६४ फुटांपर्यंत जाते! म्हणजे मे मध्ये उन्हात असलेला पट्टा थंडीत दिवसभर सावलीत. त्यामुळे जागा डिसेंबर-जानेवारीतच बघून ठेवावी, सकाळी नऊला, बाराला, तीनला मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, आणि सकाळचं ऊन मिळणारी जागा आधी निवडावी, कारण पानांवरचं दव लवकर सुकतं आणि काळे ठिपके कमी येतात. आधीच डिसेंबर गेला असेल तर निदान दक्षिणेला काय उभं आहे ते बघा. झाडाच्या फांद्या आड येत असतील तर त्या आपल्या मनाने तोडू नका, शहरात फांद्या छाटायलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. आणि खरं सांगायचं तर झाडाच्या अगदी जवळ वाफा नकोच, अशोक किंवा गुलमोहराची मुळं ताज्या खताच्या वासावर वर्षभरात वाफ्यात शिरतात.

जागेबद्दल अजून थोडं, कारण सोसायटीत भांडणं इथेच होतात. बिल्डिंगच्या भिंतीला लागून वाफा करू नका, निदान दोन फूट सोडा, नाहीतर पहिल्या पावसात तळमजल्यावाल्यांच्या भिंतीला ओल आली की ती तुमच्या गुलाबामुळेच आली असं होणार, आणि कधीकधी ते खरंही असतं. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं मोकळी ठेवा. पाण्याच्या भूमिगत टाकीच्या वर किंवा अगदी शेजारी खत टाकायचं नाही म्हणजे नाही. आणि कुदळ मारायच्या आधी वॉचमन, प्लंबर, कमिटीतले जुने मेंबर यांना विचारून गॅसची पाइपलाइन आणि केबल कुठून गेल्यात ते बघा. कमिटीकडून लेखी परवानगी घेतलेली बरी.

मग खणायचं. मुंबईत जमीन खणली की काय निघेल ते सांगता येत नाही. वरचा वीतभर मातीचा थर, खाली बिल्डिंग बांधतानाचा भराव, विटा, सिमेंटचे गोळे, फरशीचे तुकडे, प्लास्टर, एखादी चप्पलसुद्धा. हा राडारोडा नुसता अडचणीचा नाही, त्यातला चुना आणि सिमेंट हळूहळू विरघळून माती अल्कधर्मी करतात. गुलाबाला किंचित आम्ल माती लागते, पीएच साधारण ६ ते ६.५. पीएच वर गेला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसायला लागतं. मग आपण खत वाढवतो आणि काही उपयोग होत नाही. घरच्या घरी बघायचं असेल तर मूठभर सुकी माती वाटीत घ्या आणि त्यावर पांढरं व्हिनेगर टाका, बुडबुडे येऊन फसफसली तर चुना आहे. जोरात फसफसली तर मी ती माती वापरणार नाही, ती काढूनच टाकावी. गंधक टाकून पीएच खाली आणता येतो पण त्याला महिने लागतात, आणि सिमेंटचे तुकडे मातीत तसेच असतील तर ते पुन्हा वर नेतात.

आमच्याकडे जे माळीमामा येतात त्यांचा एक नियम आहे, मला फार पटतो. जागा दाखवली की ते काहीही बोलायच्या आधी पहारीने दीड फूट खोल खड्डा करतात आणि बादलीभर पाणी मागतात.

"ताई, पहिलं पाणी कोरड्या मातीनं पिऊन घेतलं, ते धरायचं नाही. दुसरी बादली ओता आणि घड्याळ बघा."

दुसऱ्या बादलीचं पाणी दोन-तीन तासांत उतरलं तर उत्तम. संध्याकाळपर्यंत थोडं राहिलं तर वाफा उंच करून भागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पण पाणी दिसतंय तर खाली कडक थर आहे, तो पहारीने फोडावा लागेल, आणि तरी नाही उतरलं तर जागा बदला, किंवा मग सरळ मोठ्या ड्रममध्ये गुलाब लावा. मुलुंड, भांडुप, कांजूरच्या पूर्वेकडे, जिथे जवळच मिठागरं आणि खाडी आहे, तिथे अजून एक गोष्ट बघायला हवी, उन्हाळ्यात जमिनीवर पांढरट पापुद्रा येतो का. येत असेल तर माती खारट आहे. गुलाबाला मीठ अजिबात सोसत नाही. तिथे खालची माती न वापरता सगळा वाफा वरच उभारायचा. बोअरचं पाणी पण बऱ्याच ठिकाणी खारट असतं, नळाच्या तोंडाला पांढरा थर जमतो त्यावरून कळतं. महापालिकेचं तलावांचं पाणी मात्र गुलाबाला चांगलं मानवतं.

आता उंची. मुंबईत जमिनीला समांतर वाफा मी कोणाला सांगत नाही. निदान एक फूट वर हवा. खालची एक फूट माती खणून मोकळी करायची आणि त्यावर एक फूट नवीन मिश्रण, म्हणजे मुळांना दोन फूट मिळतात, गुलाबाला तेवढं हवंच. वाफ्याच्या कडेला मी जांभ्याचे चिरे सांगते, कोकणातून येणारे, मुंबईत बांधकाम साहित्याच्या दुकानात मिळतात किंवा मागवून देतात. नाही मिळाले तर साध्या विटा. पण एक करा, सांधे सिमेंटने भरू नका. चिरे नुसते एकमेकांवर बसवायचे, फटी राहू द्यायच्या, पाणी त्या फटींतूनच बाहेर पडणार आहे. गवंडी ऐकत नाहीत, त्यांना ते अर्धवट काम वाटतं, ते म्हणतात मॅडम माती वाहून जाईल. थोडी जाते पहिल्या पावसात, मग थांबते. सिमेंटने बंद केलेला वाफा म्हणजे टाकी झाली, आणि वर सिमेंटचा चुनाही मातीत येत राहणार.

रुंदी चार फुटांपेक्षा जास्त ठेवू नका. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, वाफ्यात पाय ठेवायचाच नाही. एकदा मोकळी केलेली माती पायाने दाबली की सगळी मेहनत वाया. दहा बाय चारच्या वाफ्यात अडीच-अडीच फुटांवर, एका ओळीत चार आणि दुसऱ्या ओळीत मधल्या जागांवर तीन अशी सात रोपं बसतात. लोक म्हणतात सातच? हो, सातच. दाट लावलं की हवा खेळत नाही आणि पावसाळ्यात बुरशीला मोकळं रान मिळतं.

खडीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय कारण हे सगळीकडे सांगितलं जातं, की तळाला सहा इंच खडी टाका म्हणजे निचरा होतो. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही. माती पाणी धरून ठेवते आणि वरचा थर पूर्ण भिजून तुडुंब झाल्याशिवाय ते खाली खडीत जातच नाही, म्हणजे खडीच्या वरची माती उलट जास्त ओली राहते. आणि खड्ड्यातून बाहेर जायला वाट नसेल तर खाली खडी असलेला खड्डा ही विहीरच. त्यापेक्षा जाड माल मातीत सगळीकडे मिसळा आणि वाफ्यालाच थोडा उतार द्या, बिल्डिंगपासून लांबच्या बाजूला. जाड माल म्हणून मी विटांचे सुपारीएवढे तुकडे वापरते, सिमेंट न लागलेले, आणि भाताचं तूस. क्रश सँड नको, तिच्यात बारीक भुकटी असते ती मातीत बसून घट्ट होते. समुद्राच्या वाळूचा विचारही करू नका.

मापं सांगते. दहा बाय चार बाय एक फूट म्हणजे ४० घनफूट. मुरूम-मातीवाले ब्रासवर बोलतात, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा अर्ध्या ब्रासपेक्षा कमीच माल लागतो. त्यात २० घनफूट लाल माती, १२ घनफूट कुजलेलं शेणखत, आणि बाकीचे ८ घनफूट विटांचे तुकडे, तूस आणि कुजलेला पालापाचोळा मिळून. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत साधारण सव्वा घनफूट माल बसतो, म्हणजे शेणखताच्या नऊ-दहा गोण्या. एवढं? हो, एवढं. मिश्रण मुद्दाम थोडं जास्तच भरा, पावसाने ते चांगलं बसतं, म्हणूनच म्हणते की पावसाळा जाऊ द्या, बसायचं ते बसू दे, मग रोप लावा. नाहीतर रोपच मातीबरोबर खाली बसतं आणि डोळा भरलेली जागा, म्हणजे रानटी खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा बसवून कलम केलेली जागा, मातीत जाते.

लाल माती घेताना ओली करून मुठीत दाबून बघायची. लाडू वळला गेला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर घ्या. वळलाच नाही तर तो नुसता मुरूम आहे, आणि टोचल्यावर बोट रुतून बसलं तर चिकणमाती. गाडी उतरवून घ्यायच्या आधी बघायचं, नंतर कोणी परत नेत नाही.

शेणखतावर मी सगळ्यात जास्त काटेकोर आहे. मुंबईत गोरेगावला आरे कॉलनीच्या बाजूला, जोगेश्वरीला तबेले आहेत, तिथून शेण मिळतं, पण ते ताजं असतं. ताजं शेण वाफ्यात गेलं की कुजताना गरम होतं, मुळं भाजतात, हुमणीचे किडे आणि वाळवी हमखास. निदान पाच-सहा महिने कुजलेलं हवं, काळपट, हातात घेतल्यावर भुसभुशीत, आणि शेणाचा वास अजिबात नाही, पावसात भिजलेल्या मातीचा वास यायला हवा. सोसायटीत ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट होत असेल तर ते पण चालतं, पण चाळून घ्या आणि त्यात उरलेलं खारट अन्न, लोणचं वगैरे जात नाही ना ते बघा, कारण परत मिठाचा प्रश्न.

सगळं मिश्रण भरलं की पाणी मारून चांगलं ओलं करायचं आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरायचं, काळं नाही, पारदर्शकच, उन्हाची किरणं आत गेली पाहिजेत. कडा मातीने दाबून बंद. एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत, चार ते सहा आठवडे. वरची पाच-सहा इंच माती इतकी तापते की तणाचं बी, बुरशी, सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) बरेचसे मरतात. मुंबईचा मे महिना सगळ्यांना नकोसा असतो, पण या कामाला त्याच्यासारखा महिना नाही. प्लास्टिक काढल्यावर थोड्या शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून, ते ओलसर करून आठवडाभर सावलीत ठेवून मग वरच्या थरात मिसळा, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागेत आधी चांगली बुरशी वस्तीला येते.

आणि आता ताग! हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि शहरात कोणीच करत नाही. पहिला चांगला पाऊस झाला की चाळीस चौरस फुटांना एक मूठ तागाचं बी फेकून हलकी माती ओढायची. बी कृषी सेवा केंद्रात मिळतं, ठाणे-कल्याणकडे गेलात तर आणा. चार-पाच दिवसांत उगवतो, जुलैत कमरेएवढा होतो, मुळं खोल जाऊन माती पोकळ करतात, मुळांवरच्या गाठींत नत्र साठतं, आणि मुख्य म्हणजे उघड्या मातीवर तो धो धो पाऊस थेट आपटत नाही, नाहीतर वरचा थर दाबून कडक होतो. आमच्या मजल्यावरच्या काकू विचारत होत्या हे काय गवत वाढवलंयस, मी म्हटलं काकू हे गुलाबाचं जेवण आहे, तर त्या रोज बघायला यायला लागल्या. दीड महिन्याने, फुलं यायला लागायच्या आत, ताग कापून बारीक तुकडे करून तिथेच मातीत मिसळायचा, उशीर केला तर दांडे जून होतात आणि कुजत नाहीत. खारट किंवा पाणी राहणाऱ्या जागी तागाऐवजी धैंचा पेरा, तो दोन्ही सोसतो. पेरायला जमलंच नाही तर उंदीरमारीचा पाला मिळतो का बघा, कोकणात भाताच्या शेतात घालतात तो, तोही चांगला कुजतो.

या चार महिन्यांत वाफ्याची परीक्षा पण होते. जोराचा पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने छत्री घेऊन खाली जा आणि बघा, पाणी कुठे उभं आहे का, कुठून वाहतंय, कुठला चिरा सरकलाय. एका कोपऱ्यात डबकं होत असेल तर तिथे उतार दुरुस्त करायला अजून वेळ आहे. गुलाब लावून झाल्यावर हे कळून काय उपयोग!

गणपतीनंतर ताग कुजत असतो, तेव्हाच हाडांचा चुरा किलोभर खोल मिसळून घ्या. त्यात स्फुरद (फॉस्फरस) असतं आणि ते मातीत जागचं हलत नाही, वर टाकलेलं वरच राहतं, ते मुळांपर्यंत न्यायचं तर आत्ताच. वरवर टाकलात तर भटकी कुत्री आणि घुशी रात्रीत वाफा उकरतील, मुंबईतल्या घुशींना कमी समजू नका. आणि हा चुरा फक्त आम्ल मातीतच विरघळतो, व्हिनेगरची परीक्षा त्यासाठी पण महत्त्वाची. निंबोळी पेंड किलोभर, ती मात्र लावणीच्या आठवडाभर आधी, कारण ती लवकर कुजते.

ऑक्टोबर हीट जाऊ द्या. दसऱ्याला रोपं लावायचा मोह होतो पण तेव्हा मुंबईत दुपारी भट्टी असते. दिवाळी झाली, पहाटे जरा गार वाटायला लागलं की मग.

रोपं घेताना फुलाकडे बघू नका, बुंध्याकडे बघा. डोळा भरलेल्या जागेच्या वरून दोन-तीन जाड फांद्या निघालेल्या हव्यात. जातींवर फार लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. पहिल्या वाफ्याला मी ग्लॅडिएटर आणि आपला सुवासिक गुलाबी देशी गुलाब सांगेन, दोन्ही महाराष्ट्रात वर्षानुवर्षं टिकलेले. आणि कुठे मिळाला तर डॉ. होमी भाभा नावाचा पांढरा गुलाब, तो डॉ. बी. पी. पाल यांनी तयार केला, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, गव्हाच्या तांबेऱ्यावर आयुष्यभर काम केलेला माणूस आणि तितकाच गुलाबाचा वेडा. मुंबईच्या वाफ्यात भाभांच्या नावाचा गुलाब असावा असं मला फार वाटतं.

पिशवी कापली की आत बहुतेक वेळा कडक चिकणमातीचा गोळा निघतो, लांबून रोपं पाठवताना मुळं सुकू नयेत म्हणून तसा बांधतात. हा गोळा तसाच लावायचा नाही. आपल्या भुसभुशीत मातीत तो एकतर सुका ठणठणीत राहतो नाहीतर आत पाणी धरून बसतो, मुळं त्यातून बाहेरच येत नाहीत. बादलीत अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा आणि बाहेरची निम्मी माती बोटांनी हळूच सोडवा. काहीजण सगळी धुऊन मुळं उघडी करतात, पानांवर असलेल्या रोपाला तो धक्का मुंबईच्या उन्हात जास्त होतो असं माझं मत आहे, मी निम्म्यावर थांबते. लावताना डोळ्याची जागा मातीच्या दोन-तीन इंच वर. थंड देशांत ती बर्फापासून वाचवायला मातीत पुरतात, आणि तिथलेच व्हिडिओ बघून इथेही पुरली जाते, पण आपल्याकडे ती ओल लागून सडते. त्या जागेच्या खालून फुटवा आला तर तो रानटी खुंटाचा, मुळापासून ओढून काढायचा.

लावणी संध्याकाळी करा, भरपूर पाणी द्या, आठवडाभर दुपारी जुन्या साडीची किंवा हिरव्या जाळीची सावली, आणि मातीवर दोन इंच सुका पालापाचोळा, बुंध्यापासून चार बोटं लांब. पहिल्या कळ्या खुडून टाका, जिवावर येतं पण टाका. महिनाभर कुठलंही खत नको, वाफ्यात सगळं आहे. पाणी रोज घालायची सवय असेल तर ती सोडा, पालापाचोळा बाजूला करून बोट दोन इंच आत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. जानेवारीत फुलं धरतील, आणि मे मध्ये वाफा तीन-चार इंच खाली बसलेला दिसेल, आपल्या उष्णतेत शेणखत फार लवकर जिरतं, तेव्हा पावसाच्या आधी तेवढं कुजलेलं खत वरून पुन्हा भरा, डोळ्याची जागा तेवढी झाकू नका.